मदत मृत्यूच्या आधी पोहोचावी

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, कापूस आणि हळद या पिकांवर बहुतेक घरांचा संसार चालतो. त्यामुळे पाऊस, बाजारभाव आणि कर्ज यांचा फटका एकाच हंगामात बसला की मानसिक आरोग्याचा प्रश्न केवळ दवाखान्याचा राहत नाही. तरीही शासकीय मदतीची सर्वांत पक्की घडी मृत्यूनंतरची आहे: शेतकरी आत्महत्येचे प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते, जमीन व थकीत कर्ज तपासले जाते आणि ‘पात्र’ ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, मात्र ज्यांच्या घरात सातबाराच नाही, ते शेतमजूर, बटाईदार आणि ऊसतोडीला जाणारे या चौकटीबाहेरच राहतात.

मृत्यूपूर्वीच्या मदतीचा प्रयत्न म्हणून २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. घरभेटीत आशा कार्यकर्तीने झोप, भूक व निराशेची विचारपूस करावी आणि गरजूला समुपदेशकाकडे, म्हणजे ऐकून घेऊन मार्ग शोधण्यास मदत करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे, पाठवावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

ही पद्धत परिणामकारक ठरू शकते, हे अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाने दाखवले. तेथे प्रशिक्षित ग्रामस्थांनी नैराश्याची, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या उदासीची, लक्षणे गावाला समजावली, गरजूंना समुपदेशनाशी जोडले आणि गंभीर रुग्णांना मनोविकारतज्ज्ञांपर्यंत नेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

यावरून समाजाचे काम डॉक्टरांची जागा घेण्याचे नसून त्यांच्यापर्यंतचे अंतर कमी करण्याचे आहे, हे स्पष्ट होते. परंतु आधीच अनेक कामांनी वाकलेल्या आशांवर हा भार मोबदल्याविना टाकल्यास विचारपूस रकाने भरण्यापुरती उरेल. म्हणून हिंगोलीत बचत गट, तांड्यांवरील जाणती माणसे आणि ग्रामपंचायती यांनी विधवा, भूमिहीन व स्थलांतरित कुटुंबांची नियमित खबर घ्यावी, शासनाने तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशन व औषधे द्यावीत, आणि ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क, दिवसरात्र चालणारा क्रमांक प्रत्येक चावडीवर व कृषी केंद्रावर ठळक लिहावा.