कारुण्याचा हेतू आणि आपली सबब

गेल्या डिसेंबरात दिल्लीतील आमच्या कचेरीत एक साधा प्रसंग घडला. शेजारच्या टेबलावर बसणारे एक केरळीय सहकारी, त्यांच्या दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे, एक यादी घेऊन टेबलोटेबली फिरत होते. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी त्यांच्या चर्चतर्फे ब्लँकेटे व गरम कपडे गोळा करावयाचे होते. आमचे एक मराठी स्नेही, वयाने व हुद्द्याने माझ्याहून पुष्कळ मोठे, त्यांनी ती यादी हातात न घेताच परत केली, आणि ते गृहस्थ पुढे गेल्यावर मला म्हणाले, "अहो, ही भूतदया नव्हे, आमिष आहे. आज ब्लँकेट, उद्या बाप्तिस्मा." मी त्या वेळी गप्प राहिलो. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये हा संस्कार आड आला असे मी मनाशी म्हटले. खरे पाहता धैर्य कमी पडले. प्रस्तुत लेख हे त्या मौनाचे प्रायश्चित्त आहे.

माझ्या स्नेह्यांचा आक्षेप नवा नाही आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. भुकेल्याच्या भाकरीला धर्मांतराची अट कोणी घालीत असेल तर ते निंद्यच होय. परंतु त्याची निंदा करावयास ख्रिस्ती धर्माबाहेर जाण्याची गरज नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ, त्यातील धर्मपाठच ती करतात. आपल्याकडे हा काळ फारसा कोणास ठाऊक नसतो. आपल्याला दिसतो तो नाताळ, म्हणजे केक, रोषणाई आणि दुकानांतील सवलती. आगमनकाळाचे मूळ स्वरूप उत्सवाचे नाही, व्रताचे आहे. चातुर्मासात आपली आजी जशी एखादा पदार्थ सोडी व एखादा नेम धरी, त्याच जातीचा हा काळ. येणाऱ्याची वाट पाहावयाची, आणि तो येईपर्यंत आपले घर व आपले मन झाडून ठेवावयाचे.

या काळात वेदीजवळ हिरव्या चक्राकार तोरणावर चार मेणबत्त्या ठेवतात. त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. योहान हिन्रिख विखर्न या जर्मन धर्मशास्त्र्याने १८३३ साली हाम्बुर्ग येथे निराधार मुलांसाठी एक घर काढले. नाताळ केव्हा, नाताळ केव्हा, असा त्या मुलांचा रोजचा धोशा असे. तेव्हा १८३९ साली त्याने गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक पेटवून मुलांना दिवस मोजावयास शिकविले. आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शोभणारे हे तोरण अशा रीतीने अनाथांच्या घरात जन्मले. ज्यांना त्याचे मूळ आठवत नाही अशा ख्रिस्ती बांधवांनाही ही गोष्ट सांगावयास हवी. ज्यांच्या काही गावांत दलित ख्रिस्ती माणसाला मरणानंतरही वेगळी दफनभूमी पाहावी लागते, त्यांनी करुणेचा मक्ता आपल्याकडे आहे असे समजू नये.

आता आमिषाच्या आक्षेपाकडे वळू. महाराष्ट्राला या वादाची जुनी ओळख आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले, आणि तेथील मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे अशा तक्रारींवरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा निर्णय चूक होता असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की पुढे काय झाले? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील उपासमारीने खंगलेल्या मुली गोळा करून केडगावी आणल्या त्या रमाबाईंनीच. आक्षेप घेणाऱ्या शेकडो पंडितांपैकी किती जणांनी त्यांतील एकीला तरी घरी आणले होते? या आक्षेपाला खरे उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे यांनी. त्यांची द्वितीय पत्नी शारदासदनाचीच विद्यार्थिनी. त्यांनी रमाबाईंविरुद्ध पत्रके काढली नाहीत. १८९६ साली विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. ज्या करुणेविषयी आपल्याला संशय वाटतो तिला उत्तर द्यावयाचे तर अधिक निर्मळ करुणेने द्यावे. ज्याला तेवढे जमत नाही त्याने दुसऱ्याचा हेतू तपासण्याचा अधिकार सांगू नये. माझ्या स्नेह्यांनी यादी परत केली ती केली, पण त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून दुसऱ्या कोणत्या मार्गाने एखादे ब्लँकेट रस्त्यावर गेले काय? गेले नाही. माझ्याही घरातून गेले नाही. तेव्हा हेतूची चिकित्सा ही आपली सबब होती, तत्त्व नव्हे.

पण वाचकहो, ब्लँकेटाचा प्रश्न सोपा आहे. आपणा नोकरदारांना अडचणीत टाकणारा पाठ निराळाच आहे. आगमनकाळात चर्चमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची कथा वाचतात. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावे? ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, असे तो सर्वांना सांगतो. नंतर जकातदार येतात, शिपाई येतात. म्हणजे त्या काळचे सरकारी नोकर. त्यांना तो नोकरी सोडा असे सांगत नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, कोणावर जुलूम करू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. म्हणजे नोकरदाराची दया त्याच्या टेबलावरच तपासली जाते.

याच दिल्लीत १९०४ साली सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकविण्यासाठी आलेले चार्ल्स अँड्र्यूज यांनी हे ओळखले होते. १९१५ साली ते पिअर्सन यांच्यासह फिजीस गेले, तेथील उसाच्या मळ्यांत करारबद्ध झालेल्या हिंदी मजुरांची दशा त्यांनी पाहिली आणि अहवाल लिहिला. १९१७ साली मजुरांची भरती थांबली. १९२० च्या आरंभी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. त्यात इतरांचा, विशेषतः पंडित मालवीयांचा, वाटा मोठा होता. परंतु अँड्र्यूज यांनी मजुरांना ब्लँकेटे वाटली नाहीत; त्यांनी कागद नीट लिहिला. दीनबंधू ही पदवी त्यांना उगाच मिळाली नाही.

कागद आपणही लिहितो. त्याच डिसेंबरात माझ्याकडे एका दिवंगत शिपायाच्या विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. दोन दाखल्यांत तिच्या नावात एका अक्षराचा फरक पडला होता. मी 'त्रुटी पूर्ण करावी' असा शेरा मारून ते परत पाठविले; एकदा नव्हे, तीनदा. नियमाने मी चुकलो नव्हतो. एका फोनने किंवा एका नीट लिहिलेल्या टिपणीने ते काम झाले असते, हेही मला तेव्हा ठाऊक होते. आता फाइल संगणकाच्या पडद्यावर असते. तिच्यामागचे माणूस पूर्वीपेक्षाही कमी दिसते. चौथ्या खेपेस ती बाई स्वतः आली. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि तिच्या अंगावर एक विटकी शाल होती. ज्या करुणेला माझे स्नेही आमिष म्हणाले, तिच्यापुढे मी काय ठेवू शकत होतो? माझा शेरा! त्या दिवशी टिपणी लिहिली, आणि प्रकरण आठवड्यात निकाली निघाले. आधीच्या तीन महिन्यांचा जाब मात्र माझ्याकडेच राहिला.

हे शिकण्यासाठी आपल्याला ख्रिस्ती व्हावयास नको. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेली गंगा नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण पाळण्यात ऐकली आहे. गाढवाचा धर्म कोणता, हे नाथांनी विचारले नाही, आणि कावड रिकामी झाली म्हणून यात्रा फुकट गेली असेही मानले नाही. ती कथा आपण परप्रांतातील मंडळांच्या व्यासपीठांवरून कौतुकाने सांगतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत कावड जपत बसतो.

येत्या डिसेंबरात ती यादी पुन्हा येईल. सही करावयाची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मी करणार आहे. जे करणार नाहीत त्यांनी निदान आपल्याकडे तुंबलेले एखादे प्रकरण त्या आठवड्यात काढून हातावेगळे करावे.