काटा अडकतो तेव्हा

आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीला गेल्या वर्षी अक्कल बसवण्यात आली. सोलापुरात पाण्याची किंमत काय असते हे परगावच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्या पिढीने पाणी पाळीने घेतले आहे. नळाची वेळ मध्यरात्रीची असली की घरातले एक माणूस जागे राहायचे, हा इथला रिवाज. आमच्याकडे ते काम म्हातारा राखणदार करी. टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो. तेवढ्यावरून तो ओळखी आणि खाली येऊन मोटार बंद करी. मग स्वयंचलित यंत्र आले, आणि राखणदाराला नारळ मिळाला. पुढे एका पहाटे यंत्राची काडी क्षाराने बरबटली, मोटार चालूच राहिली आणि पाण्याचा ओढा जिन्याने खाली आला. आम्ही सगळे गाढ झोपेत होतो, कारण जागे राहण्याचे काम आम्ही यंत्राला दिले होते! सभा भरली. ठराव काय झाला? पहिले यंत्र बिघडले तर कळावे म्हणून दुसरे यंत्र बसवावे!

असो. ते पाणी होते, वाहून गेले. पण पुणे रस्त्याने शहराबाहेर पडले की पाकणी लागते. तिथे तेल कंपन्यांच्या टाक्या उभ्या आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही ५०८ किलोमीटरची वाहिनी तिथवर येते, आणि तिथून टँकर भरून चहूकडे जातात. अशा साठ्यांतून आता स्मार्ट स्वयंचलन, डिजिटल परिवर्तन यांचा जयघोष चालू आहे. टाकीच्या माथ्यावर रडार बसतो आणि तेलाची उंची पडद्यावर दाखवतो. टँकर कार्ड दाखवून आत येतो आणि मोजून भरला जातो. जमिनीला जोडणारी तार लागली नसेल तर पंप सुरूच होत नाही. या गोष्टी चांगल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. आमचे भांडण यंत्राशी नाही.

यंत्राला सरसकट शिव्या देणारे कोणी असतील, त्यांचे आमचे जमणार नाही. या गावाने हातमागाच्या जागी यंत्रमाग आलेला पाहिला आहे, गिरण्यांचे भोंगे गप्प झालेले ऐकले आहेत. पोटाचे दुःख आम्हाला कोणी शिकवायला नको. पण मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या जिन्याने टाकीवर चढून, झाकण उघडून, पेट्रोलची वाफ छातीत घेत मोजपट्टी आत सोडणे, यात कसली कारागिरी जपायची आहे? शिवाय नुसत्या उंचीवर हिशेब भागत नाही. पेट्रोल एका अंशाने तापले की हजार लिटरमागे सुमारे एक लिटर फुगते. पन्नास लाख लिटरच्या टाकीत दहा अंशांची चूक झाली तर पन्नास हजार लिटरांचा घोळ होतो. तेव्हा हे मोजमाप यंत्राने करावे, हेच योग्य.

आमचे भांडण आहे ते यंत्र विकणाऱ्याच्या एका वाक्याशी. ‘माणूस चुकतो, म्हणून माणूस काढा’ हे ते वाक्य. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे सत्य टाकीच्या शेजारी फार धोक्याचे.

इंग्लंडमध्ये बन्सफील्ड नावाचा मोठा तेलसाठा होता. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तिथे एका टाकीत वाहिनीतून पेट्रोल येत होते. तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा काटा अडकला. पडदा म्हणत राहिला की टाकी जिथल्या तिथे आहे, आणि टाकी तर भरत होती. टाकी काठोकाठ भरली की सगळे थांबवायचे असा वेगळा खटकाही होता. त्याने काम केले नाही. पेट्रोल वरून सांडले, वाफेचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवारची पहाट म्हणून कोणी मेले नाही. ४३ जण जखमी झाले. आता खरी गोष्ट ऐका. चौकशीत दिसले की तोच काटा त्याआधीच्या सुमारे साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. चौदा वेळा! मग चूक यंत्राची म्हणायची, की तेरा वेळा ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांची?

परदेशाची गोष्ट नको, तर जयपूर घ्या. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी सीतापुऱ्याच्या साठ्यात झडपेतून पेट्रोल उसळले. सुमारे सव्वा तासात हजारेक टन बाहेर पडले. झडपेजवळचा माणूस वाफेने कोसळला, आणि दुरून ती बंद करण्याची सोय चालू स्थितीत नव्हती. अकरा जीव गेले आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. त्यानंतर एम. बी. लाल समितीने दुरून बंद होणाऱ्या झडपांचा आणि स्वयंचलनाचा आग्रह धरला. तो रास्तच होता. पण त्या आधी पंचवीस वर्षे, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळने काय शिकवले होते? तिथे टाकी थंड ठेवणारे यंत्र होते, वायू धुणारे होते, जाळणारेही होते. पहिले बंद करून ठेवले होते आणि तिसऱ्याची नळी तोडलेली होती. यंत्रे होती, पण ती जागी ठेवण्याचा खर्च कोणाला करायचा नव्हता.

कोणी म्हणेल, ही जुनी यंत्रे. आताची शहाणी आहेत. तर जानेवारी २०२२ च्या अखेरीचे ऐका. जर्मनीतल्या ऑइलटँकिंग कंपनीच्या संगणकांवर चोरट्यांनी हल्ला केला. टँकर भरण्याचे काम पुरते स्वयंचलित होते. ते हाताने करण्याची वाटच उरली नव्हती. टाक्या भरलेल्या होत्या, टँकर उभे होते, आणि शेलसारख्या कंपनीला माल दुसरीकडून आणण्याची तजवीज करावी लागली. शहाणपण इतके वाढले की हात विसरले!

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. रडार बसवा, पण ज्या दिवशी काटा अडकेल त्या दिवशी भरणे थांबले पाहिजे, आणि ते थांबवण्याचा हक्क पाळीवरच्या साध्या कामगाराला हवा. टँकरची रांग खोळंबली म्हणून त्याला साहेबाच्या शिव्या खाव्या लागणार असतील, तर तो चौदाव्यांदाही ‘चालतंय’च म्हणेल. धोक्याच्या झडपा ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष चालवून दाखवा. वर्षातून काही वेळा पडदे बंद करून हाताने काम करण्याची तालीम घ्या. मोजपट्टीवाल्याला घरी पाठवू नका. त्यालाच शिकवा, आणि यंत्राचा राखणदार नेमून कायमचा पगार द्या. कंत्राटावर आलेला आणि सहा महिन्यांत जाणारा माणूस टाकीचा आवाज कधी ओळखणार? आणि साठ्याच्या कुंपणाला लागून जी वस्ती आहे तिला सांगा, भोंगा वाजला तर कुठे पळायचे.

याला पैसे लागतात, हे आम्हाला कळते. पण यंत्र घेताना पैसे लागतात तेव्हा फीत कापली जाते, फोटो निघतात. ते सांभाळताना लागतात तेव्हा त्याला उधळपट्टी म्हणतात. ही खोड सरकारी नाही, खासगी नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे. आमच्या इमारतीत दुसरे यंत्र बसले, पण पहिल्याची काडी वर्षातून एकदा पुसण्याचे काम अजून कोणाच्या नावावर नाही.

राखणदार परवा वसुबारसेला भेटला. आता दुसरीकडे कामाला आहे. त्याने विचारले, ‘टाकी बरी हाय न्हवं?’ आम्हाला उत्तर सुचले नाही. दिवाळी आहे, घरोघर पणत्या लागतील, आणि तेल सरत आले का हे पाहायला कोणीतरी अधूनमधून उठेलच. पाकणीच्या टाक्यांजवळही त्या रात्री कोणीतरी पाळीवर असेल. तो जागा राहो, आणि तो ‘थांबा’ म्हणाला तर त्याचे ऐकले जावो.