सुरी अम्मीच्या हाती

अमरावतीच्या आमच्या घरी कोंबडीची पिसं काढणं, तुकडे करणं, निखाऱ्यावर वांगी-कांदे भाजणं, सगळं अम्मीच करायची. जिबहसाठी मात्र शेजारच्या पुरुषाची वाट पाहायची. "बाईच्या हातचं चालत नाही," असं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

धर्म असं म्हणत नाही. सहीह बुखारीत नोंद आहे : काब बिन मालिक यांच्या कळपातली मरणाला टेकलेली बकरी राखणाऱ्या मुलीनं दगडाच्या धारेनं जिबह केली. पैगंबरांनी ते मटण खायला परवानगी दिली. चारही सुन्नी मजहबांना बाईची जिबह मान्य आहे.

गेल्या महिन्यात अकोल्यात बहिणीकडे अम्मीनं बिस्मिल्लाह म्हणत स्वतः सुरी चालवली. वय पासष्ट. रूढीला धर्म समजण्यात तिची इतकी वर्षं गेली. आपल्या मुलींची जाऊ नयेत.