नाव बापाच्या कार्डावर

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि लोकलमध्ये पैसे मागणं (मंगती), लग्नाबारशाला आशीर्वाद देऊन मिळणारी बधाई हे तृतीयपंथीयांचं उत्पन्न एका रात्रीत थांबलं. समाज निर्दय म्हणून त्यांचे हाल झाले, असं आपण सहज म्हणून जातो. मला कारण त्याहून रुक्ष वाटतं. मदत वाटली गेली ती आधीच्या याद्यांवरून, आणि त्या याद्या कुटुंब धरून केलेल्या आहेत. माणशी पाच किलो मोफत धान्य होतं, पण अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर. कोवळ्या वयात घर सुटलेल्या ट्रान्स स्त्रीचं नाव असलंच तर बापाच्या कार्डावर, तेही मुलगा म्हणून. वेगळं कार्ड काढायचं तर आधी जुन्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. म्हणजे ज्यांनी हाकललं त्यांच्याच दारात जा. राहत्या जागेचा पुरावा मागितला, तर खोली ती ज्यांच्याकडे चेली म्हणून राहते त्या गुरूच्या नाही तर आणखी कुणाच्या नावावर, भाडेकरार नाहीच. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा पाचशे रुपये आले. पुरुषाच्या नावानं उघडलेल्या खात्यात ते येणार कसे?

सरकारनं यांना वेगळे दीड हजार रुपये दिलेच होते की, असं कुणी म्हणेल. दिले, पण त्या वर्षी एकदाच. पहिल्या वर्षी केंद्राची ही मदत सुमारे सात हजार जणांपर्यंत पोचली; २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४ लाख ८७ हजारांवर माणसं होती. (त्या आकड्यात लहान मुलंही आहेत, हे मान्य. तरी अंतर केवढं!) तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा १० जानेवारी २०२० रोजी लागू झाला होता, पण ओळख प्रमाणपत्र द्यायचं कसं, याचे नियम आले सप्टेंबरात. टाळेबंदीचे सगळ्यांत कडक महिने त्याआधीच सरले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कागद न पाहता धान्य दिलं तर कुणीही तृतीयपंथी म्हणून रांगेत उभं राहील. पण पाच किलो तांदळासाठी हा शिक्का कपाळी मारून घ्यायला किती जण पुढे येतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल. शिवाय एड्स नियंत्रणाच्या कामात हिजडा व ट्रान्स स्त्रियांपर्यंत सरकार संस्थांमार्फत कित्येक वर्षं पोचतंच आहे. रोगाच्या वेळी त्या बरोबर सापडतात, धान्याच्या वेळी हरवतात! २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यायला सांगितलं, ते याच यंत्रणेच्या भरवशावर. तोच मार्ग ट्रान्स स्त्रियांसाठी मोकळा करता येतो. मात्र यादी गोपनीय राहिली पाहिजे आणि नाव देणं न देणं तिच्या मर्जीवर हवं. कायमची सोय करायची तर एकटीच्या नावानं कार्ड द्यावं, किंवा गुरू आणि चेल्यांचं एकत्र घर हेच कुटुंब धरावं. जुन्या कार्डातलं नाव तिच्या अर्जावरून पुरवठा कार्यालयानंच कमी करावं. बापाच्या सहीची त्याला गरज काय?