पाना, पक्कड आणि पांढरपेशे

बँकेच्या कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाची लोक दोन गोष्टींवरून परीक्षा करतात. एक त्याचा चेहरा आणि दुसरी त्याची बोटं. चेहऱ्याचं काही करता येत नाही, तो आईवडिलांकडून आलेला असतो. बोटांची जबाबदारी मात्र आपली. गेल्या महिन्यात एका सोमवारी एका पेन्शनर गृहस्थांनी माझ्या हातून नोटा घेतल्या, न मोजता खिशात टाकल्या (हे आमच्या शाखेत प्रथमच घडलं) आणि माझ्या नखांकडे पाहत हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. नखांत ग्रीस होतं. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मी माझ्या गाडीच्या सरकत्या दाराच्या रुळात ते भरलं होतं आणि जितकं रुळात गेलं तितकंच माझ्यात गेलं होतं. त्याच रविवारी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पिशवी घेऊन भाजीला निघाले होते. गाडीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय त्यांनी ओळखले आणि त्या पायांना उद्देशून म्हणाले, "अहो, बँकेत आहात ना तुम्ही? शोभतं का हे? शंभर रुपडे टाकले की कोणीही पोऱ्या येऊन करील!"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. गाडीखाली पडलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. तोंड उघडलं की त्यात काहीतरी पडतं. म्हणून ते उत्तर आज लिहून काढतो आहे.

प्रथम गाडीविषयी. गाडी म्हणजे १९९८ सालची मारुती ओम्नी, मी दुसऱ्या हाताने घेतलेली. हिचा जन्म १९८४ सालचा, 'मारुती व्हॅन' या नावाने. पुढे १९८८ साली बारसं होऊन 'ओम्नी' झाली आणि २०१९ साली कारखान्याने तिचं उत्पादन थांबवलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, आणि तेही पुढच्या सीटखाली. म्हणजे उन्हाळ्यात बसल्या बसल्या शेक मिळतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सीट उचलली की इंजिन समोर. हल्लीच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की काळ्या प्लास्टिकचं एक मोठं झाकण दिसतं आणि ते आपल्याला सांगतं, 'चौकशी खिडकी क्रमांक चारवर करा.' ओम्नीचा कारभार कसा खुला!

या गाडीचं मी फिरतं घर केलं आहे. परदेशातल्या फिरत्या घरात न्हाणीघर असतं, फ्रिज असतो. आमच्या घरात मागच्या बाकाची पाठ पाडून वर टाकायची एक प्लायवूडची फळी आहे, सौ.च्या जुन्या साडीचे पडदे आहेत, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, एक छोटा पंखा आणि दोन दिवे आहेत. त्यात दोन माणसं उभी आणि एक मूल आडवं, असे आम्ही तिघं झोपतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याचं कलम ५२ सांगतं की आर.सी.त नोंदलेलं गाडीचं मूळ रूप बदलू नये. म्हणून आमचा सगळा संसार भाडेकरूचा. काही ठोकलेलं नाही. उचललं की निघालं. कोकणातल्या हॉटेलांचे दर आणि कारकुनाचा पगार यांच्यामधल्या दरीवर मी टाकलेला हा एक साकव आहे.

आता साकव म्हटला की डागडुजी आली. सेक्रेटरींना वाटतं ती मी पैसे वाचवण्यासाठी करतो. वाचकहो, मी बी.कॉम. आहे. आकड्यांशी खोटं बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात गाडीचं छत गळत होतं. का, तर त्याआधी कॅरिअर बसवायला मीच छताला भोकं पाडली होती. म्हणजे ही दुरुस्ती नव्हती, आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती होती. तिचा जमाखर्च असा: सिलिकॉनची ट्यूब दोनशे रुपये. चुकीच्या भोकावर दाबल्यामुळे दुसरी ट्यूब दोनशे. शर्ट एक, किंमत सातशे, पूर्ण घसारा एकाच दिवसात. सौ.चा अबोला, मुदत तीन दिवस, संभाव्य देणी या सदरात. मिस्त्रीने हेच काम चारशेत केलं असतं. नफा-तोटा पत्रकात निव्वळ तोटा. मान्य.

पण नफा-तोटा पत्रकानंतर ताळेबंद असतो, आणि आमचे सेक्रेटरी तिथवर पोचतच नाहीत. त्या ताळेबंदात, मालमत्तेच्या बाजूला, एक रक्कम वाढली आहे: पाणी कुठून शिरतं ते मला कळलं. पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. शिरतं पुढे, पत्र्याच्या आतून चालत येतं आणि टपकतं मागे, नेमकं मुलाच्या उशीवर. या मालमत्तेवर घसारा नाही. उलट दरवर्षी व्याज.

आता मुद्द्याला हात घालतो. 'शोभतं का' या दोन शब्दांत आपला शेकडो वर्षांचा इतिहास आहे. हाताचं काम लोहाराचं, सुताराचं, चांभाराचं. ज्यांच्या हाताशिवाय गावाचा नांगर चालत नव्हता त्यांना बसायला जागा मात्र ओसरीखालची. बलुतं गेलं, ओसरी गेली, फ्लॅट आले. पण ती नजर लिफ्टने आपल्याबरोबर वर आली. आपण दसऱ्याला पाना-पक्कड पाटावर मांडतो, त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ज्याच्या हातात तो पाना असतो त्याला 'ए, इकडे ये रे' म्हणतो. हत्यार पूज्य आणि हात अपूज्य, हा कुठला हिशोब?

ज्यांचं नाव घेऊन आपण मराठी उद्योजकतेवर व्याख्यानं झोडतो ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधले मास्तर होते. त्यांनी भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढचे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सायकलच्या दुकानासमोरून पिशवी घेऊन जाणारा कोणी सेक्रेटरी तेव्हाही असणारच. 'मास्तर ना तुम्ही? शोभतं का?' असं तो म्हणाला असेलच, याविषयी माझी खात्री आहे. पुरावा मागू नये.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, 'तुमच्यासारख्यांनी अर्धवट हात घातला आणि काही झालं तर?' प्रश्न रास्त आहे. आणि झालंही आहे. लपवून ठेवणं माझ्या धंद्यात गुन्हा आहे, म्हणून सांगतो.

पंख्यासाठी आणि दिव्यांसाठी मी बॅटरीवरून एक वेगळी लाइन ओढली. तिला दहा अँपिअरचा फ्यूज घातला. इथवर पुस्तकाप्रमाणे. पण कोकणात निघायच्या आठवड्यात तो फ्यूज उडायला लागला. एक उडाला, दुसरा घातला. दुसरा उडाला, तिसरा घातला. चौथ्या वेळी रात्रीचे अकरा वाजले होते, दुकानं बंद होती, आणि मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. पंखा असा फिरला की मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरताना सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचा ब्रेक असेल." ती म्हणाली, "ट्रक नाहीये पुढे." मागच्या फळीवर मुलगा झोपलेला, आणि फळीच्या खालून धुराची एक बारीक रेघ वर येत होती.

गाडी कडेला घेतली. सौ.ने मुलाला उचललं, दार सरकवलं (ते पटकन सरकलं, आदल्या रविवारी ग्रीस भरलं होतं) आणि लांब जाऊन उभी राहिली. माझे हात थरथरत होते. पण दहाचा पाना कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची हेही. टर्मिनल निघालं. धूर थांबला. मग मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. त्या पंधरा मिनिटांचा विनोद करता येईल असं मला अजून वाटत नाही.

घाटाखाली साखरप्याला एका मिस्त्रीने वायर बाहेर काढली. पत्र्याच्या भोकातून ती जिथे जात होती तिथे मी रबर लावलं नव्हतं. कडेला घासून घासून आवरण गेलं होतं, आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती. मिस्त्री हसला नाही. फक्त माझी तांब्याची तार चिमटीत धरून म्हणाला, "साहेब, फ्यूज उडतो तो काही सांगायला उडतो. त्याचं तोंड बांधायचं नसतं." जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने भोकाला बसवला, वायर बदलली, फ्यूज घातला. शंभर रुपये.

मला तर शरमेने घाम फुटला. कारण हे मला त्याने नव्हे, मी त्याला सांगायला हवं होतं. फ्यूज म्हणजे आमच्याच जातीचा, तो प्रामाणिक कारकून! मर्यादेबाहेरचा चेक पास करण्यापेक्षा तो प्राण देतो. त्याला बाजूला सारून त्या खुर्चीवर सगळं पास करणारा एखादा तांब्याचा दांडगोबा बसवला, की बँकेचं काय होतं हे आम्ही वर्तमानपत्रांतून वाचलेलं आहे.

'बघा! म्हणूनच म्हणत होतो, हे आपलं काम नव्हे,' असं सेक्रेटरी आता म्हणतील. चूक! नव्या कारकुनाची कॅश जुळली नाही तर आम्ही 'नोटा मोजणं हे माणसाचं काम नव्हे' असं म्हणत नाही. त्याला शिकवतो, आणि मोठ्या रकमेवर दुसऱ्याची सही घेतो. अर्ध्या ज्ञानावर उपाय पूर्ण ज्ञान हा आहे, पूर्ण अज्ञान हा नव्हे. ज्याने कधी टर्मिनल सोडलंच नाही तो त्या घाटात काय करणार होता? हेल्पलाइन लावणार होता, आणि घाटात रेंज नसते.

तेव्हापासून माझेही अधिकार मी ठरवून घेतले आहेत. ग्रीस, प्लग, रबर, गळती, बॅटरीचं पाणी ही माझ्या सहीची कामं. ब्रेक, स्टिअरिंग आणि गॅस यांवर मिस्त्रीची सही हवी, कारण तिथे चुकीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून जातात. शेगडी आम्ही गाडीत पेटवतच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचून बसतो, बिनभाड्याच्या पाहुण्यासारखा. सिलिंडर बाहेर, मोकळ्यावर. आणि मिस्त्री काम करताना मी शेजारी उभा राहून पाहतो. तो रागावत नाही. पाहणारा गिऱ्हाईक भेटला की तो उलट समजावून सांगतो. त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

दुसरीही एक जमात आहे, तिचा मात्र मला खरा राग आहे. माझ्या गाडीची काच खालीवर करणारा दांडा निसटायला लागला, तेव्हा एका चकचकीत वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या तरुणाने कॉम्प्युटरात पाहून सांगितलं, "पार्ट मिळणार नाही सर, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. नाहीतर नवीन गाडीच का नाही बघत?" त्याचीही नखं स्वच्छ होती. बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. दांड्याची ती इवलीशी क्लिप वीस रुपयांना मिळाली. २०२२ साली केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणून पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, हे सरकारलाही पटलं. उत्तम झालं. पण हक्क हा शब्दच मुळी हाताजवळ राहणारा आहे. हाताने कधी स्क्रू फिरवला नाही त्याला क्लिप आणि असेंब्ली यांतला फरक कळणार कसा, आणि तो हक्क मागणार कशावर?

परवा सकाळी सेक्रेटरींची नवी गाडी सुरू होईना. शंभर रुपयांचा पोऱ्या फोन उचलत नव्हता. मी खाली गेलो, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ साचलं होतं. वरून सौ.कडून गरम पाणी आणि खायचा सोडा मागवला, टर्मिनल सोडून धुतलं, पुसलं, घट्ट आवळलं, वर व्हॅसलीन. तेवढा वेळ सेक्रेटरींना पक्कड धरून उभं केलं. गाडी सुरू झाली.

ते गाडीत बसले नाहीत. उजवा हात समोर धरून बोटांकडे पाहत राहिले. पक्कडीचं काळं त्यांच्या बोटांना लागलं होतं.

"हे कशाने जातं हो?" त्यांनी विचारलं.

"साबण आणि चिमूटभर साखर," मी म्हटलं. "पण नखातलं दोन दिवस राहतं."

"हं," ते म्हणाले; आणि मग जरा घुटमळून, "ते सोड्याचं पाणी... किती चमचे घातले होते?"