शेक संपल्यानंतर



गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शेक घेऊन बऱ्या झालेल्या बाया आमच्या केंद्रावर येतात त्या रेशनकार्डाच्या, पेन्शनच्या कामासाठी. तासभर बसल्यावर हळूच सांगतात : लघवीतून रक्त जातं, शौचाला धरवत नाही, एसटीत बसायची भीती वाटते. शेक संपून दोन-तीन वर्षं झालेली असतात. आजार उलटला या धास्तीनं, लाजेनं त्या सगळं अंगावर काढतात.

कर्करोग परत आला नाही ना, हे आधी तपासायलाच हवं. पण पुष्कळदा हे शेकाचेच उशिरा दिसणारे परिणाम असतात. किरणांमुळे गाठीबरोबर शेजारच्या मूत्राशयातल्या, गुदाशयातल्या बारीक रक्तवाहिन्याही बुजत जातात. रक्त पोचत नाही, प्राणवायू मिळत नाही, जखम भरत नाही. यावर एक उपचार आहे. बंद कक्षात हवेचा दाब दुप्पट-अडीचपट वाढवून श्वासातून शुद्ध प्राणवायू द्यायचा. रोज साधारण दीड तास, अशा ३० ते ४० बैठका. त्यानं नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते. कानाला दडे बसतात, काही दिवस लांबचं धूसर दिसतं, पण हे बहुधा निवळतं.

हा रामबाण नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातल्या चाचणीत मूत्राशयाच्या त्रासाला चांगला उतार पडला. आतड्याच्या जुनाट त्रासावर मात्र २०१६ च्या ब्रिटिश चाचणीत फायदा दिसला नाही. याच कक्षांच्या जाहिराती सुरकुत्या घालवण्यासाठीही होतात, त्यांना भुलू नका.

खरी अडचण पुढेच आहे. सहा-आठ आठवडे शहरात राहायचं कुठं? मजुरी बुडणार, घरी भाकऱ्या कोण थापणार? नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी म्हैस विकणारं घर बाईच्या लघवीच्या दुखण्यासाठी कोंबडीसुद्धा विकत नाही, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा कर्करोग होतो आणि शेकानं अनेकींचा जीव वाचतो. म्हणून शेक नाकारू नका. पण घरी पाठवताना पुढं काय होऊ शकतं, ते मराठीत लिहून मिळायला हवं. तपासणीला आलेल्या बाईला लघवीबद्दल, शरीरसंबंधातल्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवं. शेकाचा खर्च उचलणाऱ्या शासनानं नंतरच्या उपचारांचा, मुक्कामाचा भारही उचलायला हवा.

तुमच्या गटात शेक घेतलेल्या बाया असतील. पुढच्या बैठकीनंतर त्यांना एकेकटं गाठून विचारा, आणि नावं न घालता आम्हांला कळवा. आरोग्य खात्याकडे निवेदन घेऊन जाताना ते हाताशी हवं आहे.