घरचा कर्नल, दोस्तांत वाटलेला

कर्नल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात झुपकेदार मिशांचे, क्लबात बसून युद्धाच्या गोष्टी सांगणारे रिटायर्ड काका. लिनक्सचा कर्नलही तसा रुबाबदारच. कीबोर्ड, वायफाय, बॅटरी, हार्ड डिस्क या सगळ्यांशी तोच बोलतो आणि कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसरचा किती वेळ मिळणार तेही तोच ठरवतो. तुम्ही उबुंटू किंवा डेबियन टाकलंत की तो आयता मिळतो. मेसच्या डब्यासारखा! सगळ्यांना चालेल असा. त्यात हजारो मॉड्यूल्स असतात, कारण तुमच्याकडे कुठला प्रिंटर किंवा कुठलं साउंड कार्ड निघेल, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. तुमचा लॅपटॉप त्यातली शे-दीडशेच वापरतो.

मग काही मंडळींना वीकेंडला हुक्की येते, की आपला कर्नल आपणच शिजवू. त्या मंडळींत मीही आहे.

या हौसेचा इतिहास झकास आहे. 2000 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातला कॉन कोलिव्हास नावाचा डॉक्टर डेस्कटॉपसाठी स्वतःचे पॅच बनवून वाटायचा. पेशाने भूलतज्ज्ञ! दिवसा माणसांना झोपवायचा आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटर जागे ठेवायचा. त्याची तक्रार अशी, की कर्नल बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष मोठाल्या सर्व्हरवर. घरी गाणं ऐकता ऐकता माउस अडकणाऱ्या माणसाकडे कोण बघतो? 2007 मध्ये त्याच्या शेड्युलरऐवजी इंगो मोल्नारचा शेड्युलर मुख्य कर्नलमध्ये गेला आणि कोलिव्हास वैतागून बाहेर पडला. 2009 मध्ये नवा शेड्युलर घेऊन परत आला, 2021 मध्ये थांबला. मोल्नारच्या शेड्युलरचीही जागा 2023 मध्ये दुसऱ्याने घेतली. असो.

खरं सांगायचं तर आज निव्वळ वेगासाठी कर्नल बांधण्यात फारसा दम नाही. तेव्हा फरक जाणवायचा, आता तो शोधावा लागतो. पण काही मशिन्सना अजून गरज पडते. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅब्लेटवर लिनक्स नीट चालावं म्हणून काही लोक वेगळा कर्नल बनवतात, पॅच सगळ्यांसमोर ठेवतात आणि तयार पॅकेजही देतात. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपल्यावर बऱ्याच घरांतले धडधाकट लॅपटॉप लिनक्सकडे वळले. असाच एक लॅपटॉप माझा. कुठल्याशा ऑफिसने लिलावात काढलेले एकाच मॉडेलचे चार नग आम्ही मित्रमंडळींनी मिळून उचलले. सगळं छान, फक्त झोपेतून उठवला की टचपॅड मेलेला. त्यावर दहा-बारा ओळींचा एक पॅच होता, पण आमच्या उबुंटूच्या कर्नलमध्ये तो अजून आलेला नव्हता.

कृती फार अवघड नाही. सोर्स आणायचा, पॅच लावायचा आणि चालू कर्नलची कॉन्फिग फाइल त्याच्या पुढ्यात ठेवायची. मग 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. 2009 मध्ये आलेला हा आदेश या घडीला लोड असलेली मॉड्यूल्स तेवढी ठेवतो, बाकीच्यांना नारळ देतो. म्हणून त्याआधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, घरात जे जे म्हणून आहे ते सगळं जोडून घ्यायचं. शेवटी 'मेक बिनडेब-पीकेजी'. अख्खा कर्नल बांधायला आमच्या म्हाताऱ्या दोन कोअरच्या मशीनला रात्र पुरत नाही. छाटलेला कर्नल जेवण होईपर्यंत तयार. हातात येतात 'डॉट डेब' पॅकेजेस, नेहमीच्या सॉफ्टवेअरसारखी इन्स्टॉल होणारी. जुना कर्नल काढायचा मात्र नाही. नवा रुसला तर ग्रबच्या मेनूतून जुना निवडून गपचूप परत येता येतं.

टचपॅड जागा झाला आणि उरलेल्या तिघांचे फोन सुरू झाले. "अरे, ते पॅकेज पेनड्राइव्हवर टाकून दे ना!"

गंमत इथून पुढे आहे. कर्नल माझ्या मापाचा जितका चपखल, तितका तो दुसऱ्याला बिनकामाचा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वायफाय कार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची निघू शकतात. म्हणून देण्याआधी मी तिघांकडून हार्डवेअरची यादी मागवली, आणि एका मैत्रिणीचं कार्ड वेगळंच निघालं. माझा छाटलेला कर्नल तिच्याकडे सुरू झाला असता, टचपॅडही उठला असता, पण इंटरनेट गुल. तेव्हा वाटायचा कर्नल छाटायचाच नाही. उबुंटूची पूर्ण कॉन्फिग घ्यायची, त्यावर तेवढा एक पॅच लावायचा आणि मशीन रात्रभर घरघरू द्यायचं.

तसा बांधून मी मैत्रिणीला फोन केला, तर तिने विचारलं, "यात तू काय घातलंयस, हे मला कसं कळणार?"

मला आधी जरा राग आला. दहा वर्षांची ओळख, एकत्र खाल्लेल्या मिसळींचा हिशोब नाही, आणि ही माझ्यावर शंका घेतेय? पण तिचा मुद्दा चोख होता. पॅकेज इन्स्टॉल करताना त्यातल्या स्क्रिप्ट्स रूटच्या हक्काने चालतात. आणि कर्नलला तर सगळंच दिसतं : टाइप केलेला पासवर्ड, उघडलेली फाइल, बँकेचं पान. घराची किल्ली आपण देतो कुणाला, पण ती व्यक्ती तिजोरीतच राहायला येणार असेल तर दोन प्रश्न विचारावेत ना!

मार्च 2024 मधलं 'एक्सझेड'चं प्रकरण आठवा. फाइली आवळून लहान करणारी ही साधी लायब्ररी, असंख्य लिनक्स मशिन्सवर असणारी. तिच्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला म्हणून ते उघड झालं. आणि चोरदरवाजा चालू करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये नव्हताच. तो फक्त वाटायला बांधलेल्या गाठोड्यात होता. रेसिपी एक आणि डब्यातली भाजी दुसरी.

म्हणून मी मैत्रिणीला पॅकेजसोबत बाकी सगळंच दिलं : सोर्सची नेमकी आवृत्ती, पॅच, कॉन्फिग फाइल आणि मी दिलेल्या आदेशांची यादी. हा काही माझा मोठेपणा नव्हे. लिनक्स कर्नलचा परवाना, म्हणजे जीपीएलची दुसरी आवृत्ती, तसंच सांगतो. तयार पॅकेज वाटलंत तर सोर्स सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षं मागेल त्याला देऊ असं लिहून द्या. दोस्तांत पेनड्राइव्ह फिरवताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

सिक्युअर बूटचं त्रांगडं आणखी वेगळं. उबुंटूचा कर्नल सही केलेला असतो, माझा नव्हता, त्यामुळे मशीन त्याला दारातूनच परत पाठवतं. यावर सर्रास मिळणारा सल्ला : सिक्युअर बूट बंद करा. मला तो पटत नाही. स्वतःची किल्ली बनवून कर्नलवर सही करता येते आणि ती किल्ली मशीनमध्ये नोंदवता येते. पण माझी किल्ली मैत्रिणीच्या मशीनमध्ये नोंदवायची, म्हणजे उद्या मी ज्या कशावर सही करीन ते सगळं तिच्याकडे बिनबोभाट चालणार. तिने स्वच्छ नकार दिला. बरोबर केलं.

आणि सगळ्यांत मोठी भानगड म्हणजे अपडेट. कर्नलच्या दुरुस्त्या साधारण दर आठवड्याला येत असतात, त्यात सुरक्षेच्या भोकांना लावलेली ठिगळंही असतात. उबुंटू ती आपल्या कर्नलला लावून घरपोच देतं. माझ्या पॅकेजला कोण लावणार? मीच! एकदा पॅकेज दिलं की तुम्ही दूधवाले झालात. खाडा करून चालत नाही. उरलेल्या दोघांना मी सरळ सांगितलं, की पॅच उबुंटूच्या कर्नलमध्ये येईपर्यंत दूध घालीन, नंतर दुकान बंद. एकाने ते मान्य केलं. दुसरा म्हणाला, "मी माउस लावतो, जाऊ दे." तोही वाईट पर्याय नाही. साधा माउस लावून काम भागतं.

मैत्रिणीने मात्र माझं पॅकेज बाजूला ठेवलं आणि त्याच सोर्स-पॅचवरून स्वतःचा कर्नल स्वतः बांधला. रविवारची दुपार गेली, डिस्कवरची वीसेक जीबी जागा गेली, लॅपटॉपवर पापड भाजावेत इतका तो तापला. कर्नल आपल्या पोटात बांधणाऱ्याचं नाव, मशीन आणि वेळ नोंदवून ठेवतो. तिने मला त्या ओळीचा फोटो पाठवला, स्वतःचं नाव दिसेल असा. गेल्या महिन्यात एक दुरुस्ती आली तेव्हा मी ऑफिसच्या कामात गुंतलो होतो, तर तिचंच पॅकेज माझ्याकडे आलं, सोबत कॉन्फिग, पॅच, सगळं रीतसर. मी दोन्ही कॉन्फिग फाइली शेजारी शेजारी लावल्या, फरक ओळ न् ओळ वाचला, एका ओळीबद्दल तिला फोन करून विचारलं आणि मग इन्स्टॉल केलं.